गादीविना पडलेला शिरस

रस्त्याच्या कडेला भर उन्हात माणूस उताणा पडलेला दिसला, की आपण काय समजतो? एक तर प्यालेला, नाहीतर मेलेला. मीही तेच समजलो. लोह्याकडचं गाव सोडून मी तेव्हा लातुरात नुकता आलो होतो. आमच्याकडे पावसानं सलग पाठ फिरवलेली, शेतात मजुरी नाही, प्यायला पाणी नाही. लातूर नवा जिल्हा झालाय, तिथं रस्ते रुंद होतायत, हापिसं उठतायत, लाकडाच्या गिरण्यांना माणसं पुरत नाहीत, असं ऐकलं आणि ट्रंक उचलून निघालो. नांदेडात लाकूड कापायच्या आऱ्यावर काही पावसाळे काढले होते, तेवढ्या भांडवलावर.

तर गिरणीकडे चालत निघालो आणि वाटेत हा माणूस. कडुलिंबाच्या एका जुन्या झाडापासून थोडा दूर, मातीत उताणा. चौकड्याची लुंगी, छातीवर पांढरी दाढी, डोळे मिटलेले. मधूनच खांदे हलवतोय. मला वाटलं, घेरी आली असणार म्हाताऱ्याला. माझ्याकडच्या बाटलीत घोटभर पाणी होतं, ते मी त्याच्या तोंडावर मारलं.

म्हातारा ताडकन उठून बसला.

"पानी फेकतो व्हय रे येड्या! लोक घागरीसाठी डोकी फोडून राह्यलेत, अन् तू माझं थोबाड धुतो?"

"मला वाटलं मामू, चक्कर आली तुम्हाला."

"चक्कर तुला आली. सरक बाजूला."

आणि पुन्हा निजला की! खांदा हलवला, पाठीखाली हात घातला, सुपारीएवढा खडा काढून लांब भिरकावला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "इथं झाड झोपणार हाय. माझ्या पाठीला टोचतंय, ते त्याला टोचणार न्हाई व्हय?"

मी मनात म्हटलं, आलो बाबा येड्यांच्या गावात.

संध्याकाळी तोच लिंब ओंडका होऊन आमच्या गिरणीत आला, आणि ट्रकच्या मागून तोच म्हातारा चालत आला. मला बघून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "आला बघा पानीवाला!" झालं. आईबापानं ठेवलेलं नाव त्या गिरणीच्या फाटकाबाहेर राहिलं. मी पानीवाला झालो तो झालोच. पुढं माझ्या मुलांनाही लोक पानीवाल्याची पोरं म्हणायचे.

गिरणीचं नाव सांगत नाही. मालकाची नातवंडं आजही लातुरात सुखानं नांदतायत, त्यांना कशाला त्रास. मामूंचंही नाव सांगत नाही, कारण ते आम्ही कुणी कधी घेतलंच नाही. हिंदू असो, मुसलमान असो, आमच्यासारखा बौद्ध असो, सगळ्यांचे ते मामूच. गिरणीसाठी झाडं आणायचं काम त्यांच्याकडे. रस्त्यासाठी सरकार झाडांचे लिलाव करायचं, मालक ते घ्यायचे, आणि झाड खाली आणायचं मामूंनी. त्यांच्यासमोर "झाड पाडलं" म्हणायची सोय नव्हती. "भिंत पाडतेत. झाड उतरवतेत," असं ते म्हणायचे, आणि पुन्हा चूक केली तर त्या माणसाशी दिवसभर बोलायचे नाहीत.

उतरवायची त्यांची रीत भारी खटपटीची होती. आधी झाडाच्या वरच्या फांद्या छाटायच्या. मग बुंध्याची माती उकरायची आणि जमिनीला जेवढं लागून जमेल तेवढ्या खाली घाव घालायचा. बाकीचे लाकूडतोडे कमरेच्या उंचीवर कुऱ्हाड चालवायचे, वाकायला नको म्हणून. मामू गुडघ्यावर बसायचे. "सगळ्यात चोख लाकूड पायाशी असतंय. ते काय खुंट म्हणून सोडू? नक्को बाबा." त्यांच्या गुडघ्यांना हे एवढाले घट्टे. नवखा माणूस बघून म्हणायचा, मामू लई नमाजी दिसतेत. मामू हसून म्हणायचे, "अल्लापुढं टेकले तेवढेच झाडापुढं बी टेकलेत, खोटं कशाला बोलू."

ज्या अंगाला झाड झोपवायचं त्या अंगाला आधी खाच घ्यायची. तिला ते झाडाचं तोंड म्हणायचे. मग मागच्या बाजूनं, खाचेपेक्षा किंचित वर, कापत यायचं आणि मध्ये पट्टी राखायची, दाराच्या बिजागरीसारखी. त्या बिजागरीवर झाड सावकाश वळून खाली येतं. तोंड न घेता मागूनच कापत सुटलं तर खोड उभंच्या उभं फाटतं, आणि माणूस मागं असला तर माणूसही फाटतो. बिजागरी कडेनं मोकळी केली नाही तर गाभ्याचं लाकूड उपसून खुंटाला चिकटून राहतं आणि ओंडक्याच्या बुडाला भोक पडतं.

आणि सगळ्यात शेवटी गादी. छाटलेल्या फांद्या, डहाळ्या, पाला, सगळं झाड जिथं झोपणार तिथं अंथरायचं, चांगलं गुडघाभर. त्याआधी तिथली माती कुदळीनं भुसभुशीत करायची, आणि स्वतः पाठ टेकून बघायची. दुष्काळात तर हे जास्तच, कारण जमीन दगड झालेली. असल्या जमिनीवर झाड नुसतं आदळलं तर वरून काही दिसत नाही. साल शाबूत, रंग शाबूत. पण आत लाकडाला आडव्या चिरा जातात. त्या कुठं कळतात? आमच्या आऱ्यावर. फळी निघते आणि हातात दोन तुकडे होऊन येते.

म्हणून ट्रक आला की मामूंचा पहिला प्रश्न, "गादी घातली का?" दुसऱ्या टोळीनं झाड आणलं असेल आणि ते फुटलेलं निघालं, की तो माणूस काहीतरी सांगायला लागायचा. वारं सुटलं, दोर तुटला, वरून तार गेली होती. मामू हात वर करायचे. "कारण नक्को सांगू. आऱ्याला कारण ऐकू येत न्हाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही माझ्या नातवानं शाळेतून येऊन कारण सांगितलं की माझ्या तोंडून तेच निघतं. मग जीभ चावतो. का चावतो, ते पुढं येईल.

माझं लग्न मामूंनी जवळजवळ मोडलंच होतं. लोह्याकडची मुलगी, चांगलं घर, सासरे शाळेत शिपाई. मला वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून मामूंना बरोबर नेलं. पोहे आले, मुलगी येऊन आत गेली, सगळं झकास चाललेलं. तेवढ्यात हा गृहस्थ उठला आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायला लागला. कान लावला. पुन्हा टकटक. सगळे बघतायत. मग मान हलवत म्हणाले, "आपटलंय हे झाड. आतनं गेलंय. पावनं, ही चौकट तुमच्या डोक्यावर यायच्या आधी बदला."

सासऱ्यांचा चेहरा असा काळवंडला! नव्या घराची चौकट, हौसेनं बसवलेली. ते म्हणाले, "तुम्ही पोरगी बघायला आलात का दार?" मी खाली मान घालून बसलो. आतून मात्र बायकोचं खुसखुसणं ऐकू आलं. तेव्हा बायको नव्हती म्हणा. पुढं विहारात लग्न लागलं, तेव्हा ती मामूंच्या पाया पडताना म्हणाली, "मामू, नवरा टकटक करून दिलाय ना? आतनं गेलेला न्हाई ना?" मामू म्हणाले, "आवाज चांगला हाय याचा. डोकं जरा पोकळ हाय, तेवढं चालतंय." अजून ऐकवते मला ती.

असा हा माणूस. चिडका, हट्टी, दुसऱ्याला बोलू न देणारा, आणि तरीही ज्याच्यावाचून गिरणी सुनी वाटायची. कुऱ्हाड जुन्या लुंगीत गुंडाळून तान्ह्या लेकरासारखी काखेत घेऊन फिरायचे. ओंडका ट्रकवरून नीट उतरेपर्यंत चहाला शिवायचे नाहीत. बायको कधीची वारलेली. घरात दोघंच, मामू आणि त्यांचा मुलगा.

मुलगा म्हणजे पंचविशीचा गडी, लग्नाचा झालेला. बापाच्या अगदी उलटा. बोलणं कमी, हसणं जास्त. मामू त्याला शिकवताना असे काही बोलायचे की दुसरा असता तर कुऱ्हाड टाकून पळाला असता. हा आपला "हौ अब्बा" म्हणून पुन्हा गुडघ्यावर बसायचा. पण तो नसला की मामूंचा सूर बदलायचा. मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचे, "पानीवाला, त्याचा घाव बघितला का? एकावर एक बसतोय. माझा बी या वयात बसत नव्हता. त्याला सांगू नको." मी म्हणायचो, तुम्हीच सांगा की एकदा. "बिघडंल," म्हणायचे.

एका वैशाखात, दुष्काळ चालूच असताना, मामूंना ताप भरला. तेव्हाच निलंग्याकडच्या रस्त्यावरचा एक शिरस मालकांनी घेतला होता. शिरस तुम्ही बघितला असेल, पुस्तकातला शिरीष तो हाच. थंडीत उघडाबोडका होतो, शेंगा वाजत राहतात, आणि ऐन उन्हाळ्यात, बाकी सगळं जळून गेलेलं असताना, त्याला कोवळा पाला फुटतो. हा शिरस जुना, सरळसोट. नव्या जिल्ह्याच्या कुठल्याशा इमारतीला उंच दारं करायची होती, त्यांच्या चौकटीसाठी असं लांब लाकूड हवं होतं. सुताराला मामूंनी स्वतः शब्द दिला होता, अखंड काढून देतो म्हणून.

तापात उठवेना, तेव्हा त्यांनी ती लुंगीतली कुऱ्हाड मुलाच्या हातात दिली. पहिल्यांदाच. मी समोर होतो. पोराचा चेहरा काय फुलला होता! मामू मात्र दरडावूनच बोलले, "पाठ टेकून बघ. गादी घाल. माझं नाव जातंय तिथं."

दोर धरायला रस्त्याच्या कंत्राटदाराची माणसं होती. ती तिथूनच पुढच्या कामाला गेली. मुलगा एकटाच ट्रकबरोबर परतला. मामू ताप अंगात घेऊन फाटकाशी येऊन उभे. ओंडका बघून मालक खूश, सुतार खूश. बुंधा जमिनीला लागून घेतलेला, कापलेली बाजू साबणासारखी गुळगुळीत. मी पोराच्या पाठीवर थाप मारली, पण तो हसला नाही.

मामू ओंडक्याजवळ गेले. कुऱ्हाडीच्या पाठीनं एक ठोका दिला, पुढं सरकून दुसरा, आणखी पुढं तिसरा. मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"चढव आऱ्यावर."

मी चढवला. पहिली साल गेली. दुसरी फळी निघाली, लांब, पिवळट तांबूस, सुंदर रेषांची. मदतनीसानं तिचं टोक उचललं आणि ती तिच्याच वजनानं मधून मोडली. पुढची आणखी दोन ठिकाणी मोडली. मी आरा थांबवला. सुतार निघून गेला.

"गादी घातली होती का?" मामूंनी विचारलं.

मुलगा मोडलेल्या फळीकडे बघत राहिला.

"घातली होती का न्हाई?"

"न्हाई अब्बा."

"का?"

पोरानं बापाकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं मला. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "आऱ्याला कारण ऐकू येत न्हाई, अब्बा."

बापाचंच वाक्य. त्यानं उर्मटपणानं म्हटलं नव्हतं, मी शपथेवर सांगतो. लहानपणापासून जे ऐकलं तेच त्यानं पाळलं. पण मामूंना ते लागलं, आणि असं लागलं की काही विचारू नका. सगळ्या गिरणीसमोर त्यांनी त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. "याला झाड उतरवायला सांगितलं, यानं पाडलं! हे माझ्या घरचं लाकूड न्हाई. अन् हा बी माझ्या घरचा न्हाई. चल निघ!"

मी मध्ये पडलो. मालकही म्हणाले, मामू, एका झाडासाठी पोटच्या पोराला बोलताय? पण त्यांचं ते तोंड एकदा सुटलं की कुणाच्या बापाला ऐकत नसे. मुलगा उभा राहून सगळं ऐकत होता. बोलणं संपल्यावर त्यानं वाकून रागाच्या भरात बापाच्या पायानं लवंडलेला चहाचा पेला उचलून कट्ट्यावर ठेवला आणि फाटकाबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, नांदेडच्या गाडीत बसला म्हणून. पुढं एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, हिमायतनगरकडे सागाच्या कामावर आहे.

मामूंनी त्याचं नाव काढलं नाही. तापातून उठले, पुन्हा झाडं आणायला लागले. पण घरी जायची घाई त्यांना राहिली नाही. गिरणी बंद झाली तरी फाटकाशी बसून राहायचे. माझी बायको डबा पाठवायची, तो अर्धा खाऊन परत द्यायचे. आम्हा दोघा नवरा-बायकोला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. चिरलेला शिरस अर्धामुर्धा कापलेला तसाच कोपऱ्यात पडला होता. मालक म्हणाले, जळणाला काढून टाका. मामू म्हणाले, "राहू द्या, मग बघू."

त्या वर्षी पाऊस आला. फार नाही, पण आला. आणि दिवाळीच्या पुढंमागं एके सकाळी गिरणीच्या फाटकाशी एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर फडक्यानं झाकलेलं पितळी पातेलं.

"ते शिरसाचं झाड तोडणारं पोरगं कुठाय?" तिनं विचारलं.

मामू कट्ट्यावर बसलेले. म्हणाले, "का? काय काम हाय?"

"खरवस आनलाय त्याला. गाय याली माजी. कालवड झाली." म्हातारीनं पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. "उन्हाळ्यात गाय उठंना झालती बगा. गाभन, अन् पोटात काडी न्हाई. चाऱ्याची छावनी लांब, चालवत कशी नेऊ? ह्यो झाड तोडून राह्यला व्हता, खाली हिरवागार पाला आंथरलेला. मी पाया पडले त्याच्या. म्हनलं लेकरा, येवढा पाला दे. त्यानं थोडा दिला. मग गाईकडं बगितलं अन् समदाच दिला. माज्यासंगट वढत आनून टाकला दारात. मी म्हनलं, तुजं नुसकान तर न्हाई ना व्हनार? म्हनला, न्हाई मावशी. झाड काय, पडतंय कुठंबी."

आरा चालू होता, मी तो बंद केला. 

"तवर झाडाला घाव लागलेला व्हता," म्हातारी सांगत होती, "रस्त्यावरची मानसं ओरडत व्हती, गाड्या थांबल्यात, पाड लवकर, पाड लवकर. पर ह्यो गेला न्हाई बगा, गाईनं तोंड लावलं तवा गेला. कुठाय त्यो?"

मामू उठले. मला वाटलं, पडतात की काय. पण त्यांनी वाकून ते पातेलं दोन्ही हातांनी उचललं. "उठली गाय?" त्यांनी विचारलं.

"उठली की! याली म्हनते न्हवं."

"बरं झालं," मामू म्हणाले. "बरं झालं बाई. तो बाहेरगावी गेलाय. मी देतो त्याला."

खरवस टिकायचा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हातारी गेल्यावर त्यांनी तो सगळ्या गिरणीला वाटला. स्वतः बोटभरही तोंडात घातला नाही. "त्याचा हाय तो," एवढंच म्हणाले. मग ते त्या कोपऱ्यातल्या शिरसाजवळ जाऊन बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांना पहिल्यांदाच तसं बघितलं. मी पाण्याचा तांब्या नेऊन जवळ ठेवला. रडता रडता म्हणाले, "आला पानीवाला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ते हिमायतनगरला गेले. नवी लुंगी, डोक्यावर टोपी, पिशवीत ती कुऱ्हाड. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आता दोघं बरोबर येतील, भाकरी जास्त टाक.

परत आले ते एकटेच. पिशवीत कुऱ्हाड तशीच.

"भेटला न्हाई का?" मी विचारलं.

"बघितला," ते म्हणाले. "लांबून बघितला. साग उतरवून राह्यला होता. आधी जमिनीवर निजला रे. पाठ टेकून बघितलं त्यानं. खडे वेचले. मग गादी घातली, गुडघाभर. मग घाव घातला. असं आलं ते झाड खाली, असं आलं, की पानाचा बी आवाज न्हाई." त्यांनी हात हवेतून सावकाश खाली आणून दाखवला.

"मग?"

"मग काय? आलो परत."

मला इतका संताप आला! मी म्हटलं, "मामू, तुमच्यासारखा येडा माणूस मी जन्मात बघितला न्हाई. एवढ्या लांब गेलात आणि हाक मारली न्हाई? काय अडलं होतं?"

"कुठल्या तोंडानं मारू?" ते म्हणाले. "त्याला कारण सांगू दिलं न्हाई मी. आता मी माझं कारण सांगत जाऊ?"

मी त्याच ट्रक ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला. म्हातारी आली होती, खरवस आणला होता, अब्बांना सगळं कळलंय, तू ये. पोराचा निरोप आला, "अब्बांनी बोलावलं तर येतो." मी तो मामूंना सांगितला. सकाळी ते रात्रभर जागल्यासारखे दिसले आणि म्हणाले, "बोलवायचा हक्क मी घालवला, पानीवाला. त्याला वाटंल तवा येईल." मी पुन्हा निरोप धाडला, पुन्हा तेच उत्तर आलं. दोघंही एकाच बुंध्याचे. त्यात काही वर्षं निघून गेली. ती वर्षं आठवली की मला अजून वाईट वाटतं. भांडण राहिलं नव्हतं, राग राहिला नव्हता, मधल्या मध्ये फक्त एक हाक राहिली होती, आणि ती कुणी मारत नव्हतं.

मालकांनी आणखी दोनदा तो शिरस जळणाला काढायचं म्हटलं. मामू आडवे आले. पावसात भिजू नये म्हणून त्यावर पत्रा टाकला, वाळवी लागू नये म्हणून खाली दगड लावून उचलून ठेवला, अधूनमधून कुशीवर वळवायचे. मालक माझ्याकडे बघून कपाळावर बोट फिरवायचे. मीही शेवटी विचारलं, "मामू, त्यातून चौकटीजोगं लांब लाकूड निघत न्हाई, कशाला जपताय?"

"लागतंय मला," म्हणाले.

त्यांचा खोकला वाढला तेव्हा आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी डबा घेऊन जायचो. एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. आवाज अगदी खोल गेलेला.

"पानीवाला, तो शिरस हाय ना. त्यातून लांब काय निघणार न्हाई, हे तुला बी माहीत हाय, मला बी. आखूडच निघतंय. मला आखूडच लागतंय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांच्यात कबरीत माणूस ठेवल्यावर त्याच्यावर माती पडू नये म्हणून आडव्या फळ्या लावतात. कबरीच्या रुंदीएवढ्या.

"दुसरं लाकूड नक्को," ते म्हणाले. "माझ्या पोराचंच पाहिजे."

मी त्याच दिवशी फोन लावायला तारघरात गेलो, ड्रायव्हर गाठला, अब्बांनी बोलावलंय असं कळव म्हणून सांगितलं. खोटं कुठं होतं ते? पण मुलगा पोचेपर्यंत मामू गेले होते.

फळ्या मीच कापल्या. तो शिरस मी पुन्हा आऱ्यावर चढवला. तुकडे पडत गेले, एकेक आखूड, तांबूस, घट्ट. चिरा सोडल्या तर लाकूड काय सोन्यासारखं होतं. तेवढ्यात मुलगा गिरणीत आला. दाढी वाढलेली, कुठंकुठं पांढरी झालेली. त्यानं फळी हातात घेतली आणि तिची रेघ बघून लगेच ओळखली.

"पानीवाले काका, हे अजून होतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. कुशीवर वळवायचे ते, पत्रा टाकला ते, हिमायतनगरला लांबून बघितलं ते, दवाखान्यात बोलले ते. तो ऐकत राहिला. फळी छातीशी धरून तिथंच भुशात बसला आणि एकदाच म्हणाला, "हाक मारायची होती ना अब्बा." माझी बायको डबा घेऊन आली होती, ती तोंडात पदर कोंबून मागं फिरली.

कबरस्तानात माणसं लई जमली होती. सुतार, ट्रकवाले, हमाल, मालक, आमच्या वस्तीतले. ती निलंग्याकडची म्हातारीही फाटकाबाहेर येऊन उभी राहिली होती, कुणी कळवलं देव जाणे. जमीन कडक, खोदणाऱ्यांचे हात सोलून निघाले होते. मयत उतरवायची वेळ झाली, तेव्हा मुलगा पुढं झाला आणि आधी स्वतःच कबरीत उतरला. आणि आम्ही बघतोय तोवर तिथं पाठ टेकून सरळ निजला.

कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. मौलवीसाहेबांनी हात करून त्याला गप्प केलं.

त्यानं डोळे मिटले. खांदा हलवला. पाठीखाली हात घालून एक खडा काढला आणि वर माझ्या पायाशी ठेवला. पुन्हा निजला, पुन्हा एक काढला. मग उठून हातानं माती चोळून भुसभुशीत केली, तळवा फिरवून बघितला आणि आम्हाला म्हणाला, "आता आणा त्यांना. हळू."

आम्ही मामूंना खाली दिलं. त्यानं बापाला दोन्ही हातांवर घेऊन इतकं सावकाश ठेवलं की कफनाची घडीसुद्धा हलली नाही. मग मी वरून एकेक फळी देत गेलो आणि तो लावत गेला. मी आरी बरोबर घेऊन गेलो होतो, मापात कमीजास्त झालं तर कापावं लागेल म्हणून. ती पिशवीतून काढावीच लागली नाही. चिरेवर तुटलेला तो शिरस मामूंच्या मापाचाच निघाला.